मोहाखालची आग

"सिस्टर, तुमी लय हळू बोलता. बिमार मानसाले आयकू तं आलं पायजे."

हिरडाटोलीच्या आरोग्य उपकेंद्रात मी रुजू झाले त्या सकाळी सायत्राबाई मला हे म्हणाल्या. ओळख नाही, पाळख नाही. उपकेंद्राच्या कुंपणाला लागून त्यांचं घर. त्या कुंपणावर कोपर टेकवून माझं पहिलं तपासणीचं काम बघत उभ्या होत्या. उंच, हाडकुळ्या, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला आणि वर मुलाचा जुना चौकटीचा शर्ट. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जंगलात काटे लागतात म्हणून तिकडे बाया असा शर्ट घालतात, पण सायत्राबाई तो घरीही काढत नसत.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे गोंदियात आले आणि मग नवेगाव बांधच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या या गावात माझी नेमणूक झाली. आठवडाभर मी तिथल्याच खोलीत राही, रविवारी गोंदियाला जाई. गावची बोली कानात बसायला वेळ लागला. तिथे बायाही 'जातो', 'येतो' म्हणतात, याचं मला सुरुवातीला हसू यायचं. सायत्राबाईंनी ते ओळखलं. "हासा," म्हणाल्या, "आमी बी तुमच्यावर हासतो. तुमी गेल्यावर."

त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. हे मी गुण म्हणून सांगत नाही. कित्येकदा त्याची अडचणच व्हायची. त्यांची सून रीना पहिल्यांदा गरोदर होती तेव्हा मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. महिन्याने विचारायला गेले तर रीना मान खाली घालून म्हणाली, "हव, खातो ना." मी वहीत खूण करणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सायत्राबाई म्हणाल्या, "नाही खात. मीच देत नाही तिले. त्यानं लेकरू काळं होते पोटात, मले भेव लागला. गोळ्या त्या डब्यात हायेत, मोजून घ्या." रीनाने कपाळाला हात लावला. मी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आजपासून देतो. पन तुमी पयलेच असं मोठ्यानं सांगाचं होतं." त्यानंतर रोज सकाळी कुंपणाशी येऊन त्या ओरडून सांगत, "खाल्ली गोळी." सगळ्या टोलीला कळायचं.

एकदा त्यांची बकरी शेजारच्या भागरताच्या वाडीत शिरली आणि वांगी खाऊन आली. भागरता शेतावर होती. तिला कळण्याचं काही कारण नव्हतं, गावात मोकाट बकऱ्या पुष्कळ. पण संध्याकाळी भागरता बांधावरून येत असतानाच सायत्राबाईंनी तिला वाटेत गाठलं. "माह्या बकरीनं तुहे वांगे खाल्ले. तीन झाडं गेले. आता मले का बोलाचं ते बोलून घे, मंग मी जेवतो." भागरताने मनसोक्त बोलून घेतलं. सायत्राबाई मान हलवत ऐकत राहिल्या आणि मग खरोखरच घरी जाऊन जेवल्या.

त्यांचा मुलगा मुनेश्वर अगदी उलटा. हसरा, गोडबोल्या, कोणालाही दुखवायचं नाही असा. धानाची थोडी शेती होती, ती दिवाळीपर्यंत. उन्हाळ्यात तो जंगलातल्या आगी विझवायच्या हंगामी कामावर जाई. पाठीला ब्लोअरचं यंत्र बांधायचं, त्याच्या वाऱ्याने वाळका पालापाचोळा उडवून जमिनीचा पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. जिथे यंत्र पोचत नाही तिथे हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायची. पायात साध्या चपला. मी एकदा त्याला म्हटलं, निदान बूट तरी घाल. तर तो म्हणाला, "सिस्टर, बूट घातल्यावर धावता येत नाही." सायत्राबाई मध्येच म्हणाल्या, "बूट नाही त्याच्यापाशी, ते सांग ना."

आग कशी लागते हे मला सायत्राबाईंनीच दाखवलं, त्या मोठ्या आगीच्या आदल्या वर्षी. चैत्राच्या सुमारास मोह फुलतो आणि पहाटेपासून त्याची रसाळ, पिवळट फुलं टपटप खाली पडतात. ती वेचून वाळवतात, विकतात. अर्ध्या गावाचा उन्हाळा त्याच्यावर जातो. गावाच्या पूर्वेला, नाल्याच्या अलीकडे मोहाच्या झाडांचा एक मोठा पट्टा होता. झाडं जंगलातली, पण प्रत्येक घराचं झाड पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. उजाडता उजाडता मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या झाडाखाली पानांचा घोट्याएवढा थर होता. त्यांनी खाली वाकून काडी लावली.

"पानात पडलं का फूल दिसत नाही, सिस्टर," त्या म्हणाल्या. "जमीन साफ झाली का मंग दिसते. बुढ्या-आज्यापासून असंच हाये."

"आणि आग पुढे गेली तर?"

"कायले जाईन? मी उभी हावो ना."

आणि त्या खरंच उभ्या राहिल्या. हातात पळसाची ओली फांदी. आग गोल सरकत गेली तसतशा त्या तिच्या मागे फिरल्या, कडेला गेलेली प्रत्येक जीभ झोडपून काढली, शेवटी गुंडातलं, म्हणजे घागरीतलं, पाणी शिंपडलं. काळ्या जमिनीवर फुलं पडायला लागली तेव्हा ती खरंच उठून दिसत होती. इकडेतिकडे बघितलं तर पट्ट्यात जागोजागी असेच धुराचे दोरे वर चालले होते. प्रत्येकाखाली कोणीतरी बाई उभी होती. मला ते दृश्य तेव्हा सुंदर वाटलं होतं.

पुढच्या वर्षी सगळंच वाईट जुळून आलं होतं. हिवाळ्यात एक तरी पाऊस पडतो, तो पडला नाही. नाल्याच्या दोन्ही काठांवरचा बांबू आदल्या वर्षी फुलला होता. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. रांजीच्या रांजी, म्हणजे बांबूची बेटंच्या बेटं, वाळून, एकमेकींवर कलून उभ्या होत्या. डोंगरावर तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून कोणी कोणी आधीच झुडपं जाळत होतं. गुराख्यांना हिरवा चारा हवा होता, तेही जाळत होते. आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ करायचे ते पट्टे, त्या वर्षी काढायला फार उशीर झाला. काही पट्टे निघालेच नाहीत. मुनेश्वर बोलता बोलता म्हणाला होता, "औंदा पाला लय झाला, सिस्टर. मशीन कमी हायेत." हे तो हसतच म्हणाला, त्यामुळे मी ते फार मनावर घेतलं नाही.

त्या दिवशी दुपारी पोरं पळत उपकेंद्रात आली. डोंगरावर फटाके वाजताहेत म्हणाली. बांबूच्या पेरांतली हवा तापून फुटत होती. बाहेर आले तर डोंगराच्या माथ्यावर धुराची भिंत. थोड्याच वेळात मुनेश्वर मोटारसायकलवर मागे बसून गेला, पाठीला यंत्र बांधलेलं. माझ्याकडे बघून त्याने हात वर केला. त्याच्यामागे आणखी गाड्या, आणखी माणसं, गावातले आणि बाहेरगावचेही.

ते डोंगरावरच्या आगीला तोंड द्यायला गेले होते. पायथ्याशी नाल्याच्या पलीकडे त्यांनी ओळ धरली आणि काही वेळ आग थोपवलीही. मग त्यांच्या पाठीमागून, गावाच्या बाजूने दुसरी आग आली. कोणी ती येताना बघितली नाही, बांबूचा आवाज इतका होता. काही जण बाजूच्या पडीक बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या मोकळ्या खाचरांकडे, धावले आणि भाजून का होईना, वाचले. काही जण कोरड्या नाल्यात उतरले. वाळू आहे, तिथे जळायला काही नाही, असं त्यांना वाटलं असणार. पण नाल्यावर दोन्हीकडून तो मेलेला बांबू वाकलेला होता.

जखमी आधी माझ्याकडे आले. उपकेंद्रात भाजल्याचं औषध ते किती असणार. मी ओल्या चादरी घालत होते, गोंदियाला फोन करत होते. रुग्णवाहिकेचा चालक वाटेतून ओरडून सांगत होता, "सिस्टर, रोड पे धुआँ है, कुछ दिख नहीं रहा, धीरे धीरे आ रहा हूँ." तेवढ्यात दारात सायत्राबाई. दोन हातांत दोन गुंड.

"पानी मी आनतो," त्या म्हणाल्या. "बाकीचं का कराचं ते सांगा."

संध्याकाळपर्यंत त्या हातपंपावरून पाणी आणत राहिल्या. रीना आपल्या छोट्या मुलीला, परीला, मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत. सायत्राबाईंनी गाड्यांकडे बघितलं नाही. आलेल्या कोणालाही मुनेश्वरबद्दल विचारलं नाही. मी विचारणार होते, पण त्या विचारत नाहीत म्हणून मलाही विचारवेना.

ऊन उतरल्यावर पोलीस पाटील आले. गावातले वयस्कर, भले गृहस्थ. दाराशी थांबले आणि टोपी काढून हातात घेतली.

"नाल्यात सापडले," ते म्हणाले.

सायत्राबाईंनी गुंड खाली ठेवला. "कितीक जन?"

"चौघं."

"मुनेश्वर?"

पाटलांनी टोपीकडे बघितलं. रीना उठली आणि पुन्हा खाली बसली. सायत्राबाई भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या. खोलीत कण्हण्याचा आवाज होता तेवढाच. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सिस्टर, त्या मानसाच्या पाठीवरची चादर सुकली. पानी टाका."

मेलेल्या चौघांत भागरताचा नवराही होता.

त्या आगीला गावात नाव पडलं नाही. नुसतं 'मोठी आग' म्हणतात. डोंगर बरेच दिवस धुमसत राहिला. नीलगाई आणि ससे धानाच्या रिकाम्या बांध्यांत येऊन बसले आणि त्यांना हाकलायचंही कोणाच्या मनात आलं नाही. चौघांचे विधी झाले आणि मग चौकशी येणार असं कळलं.

चौकशीच्या आधी समाजमंदिरात बैठक झाली. मलाही बोलावलं होतं, जखमींबद्दल सांगायला. पण खरा विषय वेगळा होता. मागून आलेली आग मोहाच्या पट्ट्याकडून आली हे वाचलेले लोक सांगत होते. तसं कागदावर गेलं तर मोह वेचणं बंद होईल, बायांवर गुन्हे दाखल होतील, अशी सगळ्यांना भीती होती. पाटील म्हणाले, "बाहेरच्या कोनी बिडी टाकली असंल. आपल्याले माहीत नाही. एवढंच सांगाचं." कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सायत्राबाई खांबाजवळ बसल्या होत्या. त्या तोंडातून शब्द काढत नाहीत हे बघून मला आश्चर्य वाटलं. दुःखाने माणूस बदलतो, असं मी मनाशी म्हटलं.

चौकशीला आलेला अधिकारी तरुण होता, थकलेला दिसत होता. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं. त्याने बिडीची हकिगत लिहून घेतली. आणखी कोणाला काही सांगायचं आहे का, असं रीतीप्रमाणे विचारलं.

सायत्राबाई उठल्या. "मी लावली होती," त्या म्हणाल्या. "त्या रोजी सकारी. माह्या मोहाखाली."

पाटील पटकन पुढे झाले. "साहेब, हिचा पोरगा गेला. डोकं ठिकाणावर नाही."

"डोकं हाये ठिकानावर."

"सायत्राबाई, गप बसा. तुमाले कोनी काही मनत नाही."

"पोरगा गेला मनूनच सांगून रायली, पाटील. दुसऱ्याचा गेला असता तं मी बी गप बसली असती, का सांगाव."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्ही आग लावली आणि मग विझवली नाही का?"

"विझवली. पानी टाकलं. विझली असंच वाटलं. पन मले दरसालीच तसं वाटते."

"त्या पट्ट्यात इतरही झाडं आहेत. इतर कोणी लावली होती?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पडवीखाली बसलेल्या बाया जमिनीकडे बघत होत्या. "मले माहं माहीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं दुसऱ्याले इचारा."

अधिकाऱ्याने विचारलं. कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तो माणसं घेऊन पट्ट्यात गेला, सायत्राबाईंना बरोबर घेतलं. संध्याकाळी जीपमध्ये बसण्याआधी तो त्यांच्याशी बोलला, तेव्हा मी कुंपणाशीच होते. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आजी, सगळंच जळलंय. आग तुमच्या झाडाखालून गेली, की दुसऱ्या कुठून, की डोंगरावरच्या ठिणग्या वाऱ्याने उडून मागे पडल्या, आता सांगता येत नाही. तुमची नसेलही."

"नसंल मंजे नोयती असं तं नाही."

"नाही."

"मंग माही होती असं लिवा."

"तसंही लिहिता येत नाही, आजी."

जीप गेली. पुढे कागदावर कारण अज्ञात असं लिहून आलं म्हणे. गावाने सुटकेचा श्वास टाकला. सायत्राबाईंना शिक्षा झाली नाही आणि तुमची चूक नाही असंही कोणी सांगितलं नाही. त्या तशाच मध्ये राहिल्या.

त्या संध्याकाळी रीना त्यांना म्हणाली ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मले आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुले सांगतो तं तू अडवलं असतं."

"अडवलंच असतं. मी काही जगाच्या बाहेरची नोहो." मग तीच म्हणाली, "आता मी तुमच्या हातचं कसं खाऊ?"

दुसऱ्या दिवशी अंगणात सायत्राबाईंनी आपल्या हाताने दुसरी चूल मांडली, लिंपली आणि रीनाला दाखवली. एका घरात दोन चुली पेटू लागल्या. परी दोन्हीकडे जेवायची.

गाव त्यांच्याशी वाईट वागलं असं म्हणता येणार नाही. फक्त बोलणं कमी झालं. पंपावर त्या आल्या की बाया आपापले गुंड उचलून निघत. त्यांना वाटत होतं सायत्राबाई कधीतरी पुन्हा तोंड उघडतील आणि या वेळी दुसऱ्याचं नाव घेतील. त्यांनी ते कधीच घेतलं नाही, पण भीती गेली नाही.

आणि मग एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. मी त्यांचा रक्तदाब बघायला गेले होते. तो फार वाढला होता आणि गोळी घेत नाही हे त्या नेहमीप्रमाणे सरळ सांगत होत्या. तेवढ्यात भागरता आली. मला बघून दारातच थबकली, पण परतली नाही. जमिनीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सायत्रामाय," ती म्हणाली, "त्या रोजी माही बी लागली होती. मोहाखाली. मी घाईत होतो. उभी नाही रायली."

सायत्राबाईंनी तिच्याकडे टक लावून बघितलं. "सायबाले सांगतेस?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून रायली?"

भागरता रडायला लागली. नवऱ्याचं नाव घेऊन रडली. सायत्राबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, हाकललंही नाही. ती थांबेपर्यंत बसून राहिल्या, मग पाणी दिलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "हे तुमी आयकलं नाही."

मी मान हलवली. ते आज इथे लिहिते आहे, पण खरी नावं बदलून, आणि गावाचंसुद्धा.

भागरता एकटी नव्हती. त्या पावसाळ्यात एकेक करून बाया येत राहिल्या. कधी तांदळाची कणी मागायला, कधी विळा परत द्यायला. येऊन बसायच्या आणि जाताना तेच वाक्य. माही बी लागली होती. सायत्राबाई प्रत्येकीला एकच विचारायच्या, सायबाले सांगतेस? आणि प्रत्येकीचं उत्तर तेच. बायांचे चेहरे जाताना हलके झालेले असायचे हे मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. सायत्राबाई मात्र खंगत चालल्या होत्या.

शेवटी एके दिवशी त्यांनी दार उघडलंच नाही. बाहेर उभ्या असलेल्या बाईला आतूनच म्हणाल्या, "जा बाई. माह्या घरी आनून टाकू नका. माहंच मले उचलत नाही."

त्यानंतर बाया यायच्या थांबल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात पट्ट्यातले काही मोह पुन्हा फुलले. बरेच जळून गेले होते, सायत्राबाईंचं झाड मात्र वाचलं होतं. एका बाजूने काळं पडलेलं, तरी फुलांनी लगडलेलं. त्या वेचायला गेल्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वास येते. मोहाचा नाही. दुसरा." पण फुलं पडायच्या आधी त्या खराटा घेऊन रोज पट्ट्यात जात. आपल्या झाडाखाली नाही फक्त, सगळ्यांच्या. पानं लोटून ढीग करायचा, ढीग टोपलीत भरायचा आणि टोपली डोक्यावर घेऊन आपल्या खताच्या खड्ड्यात आणून टाकायची. उन्हाने तोंड काळंठिक्कर पडलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. झाडाची मालकीण तिथे असली तर तिच्याशी बोलायच्या नाहीत. जाळू नका असंही कोणाला म्हणाल्या नाहीत. काही बायांनी लाजेने स्वतःचा खराटा आणला. काहींनी त्या पुढच्या झाडाकडे गेल्या की मागे काडी लावली. धुराचा वास आला की त्या जागच्या जागी थांबायच्या, वळून बघायच्या नाहीत, आणि पुन्हा लोटायला लागायच्या.

एकदा मीच न राहवून म्हटलं, "तुम्ही पाटलांना सांगा ना, गावात दवंडी द्या म्हणावं."

"का सांगू? मी लावली होती."

"म्हणूनच लोक तुमचं ऐकतील."

"नाही, सिस्टर. मनूनच नाही आयकत." त्यांनी खराट्याच्या बुडावर हात आपटून काड्या नीट केल्या. "मले पाहिलं का त्यायले आपली आठवते. मंग राग येते."

वर्षश्राद्ध झाल्यावर रीना माहेरी गेली, दरेकशाच्या बाजूला. तिचे वडील न्यायला आले होते. सायत्राबाईंनीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी जवान हाये. चांगलं ठिकान पाहा. माह्या घरी तिले काही नाही." जाताना रीना त्यांच्या पाया पडली. एवढंच म्हणाली, "गोळी घेत जा." परीला कडेवर घेऊन ती निघाली आणि सायत्राबाई रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांच्या मागे गेल्या, दोन पावलं अंतर ठेवून. परत आल्यावर त्यांनी रीनाची चूल फोडली नाही. पावसाने ती आपोआप विरघळली.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तर त्या घरी नव्हत्या. मी थांबले, पण गाडीची वेळ झाली होती.

मध्ये काही वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात एका प्रशिक्षणासाठी नवेगाव बांधला गेले होते. बाजाराचा दिवस होता, म्हणून दुपारी भाजी घ्यायला उतरले. मासळीच्या ओळीपलीकडे, एका प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली शिंदीच्या फड्यांचा, म्हणजे झाडूंचा, ढीग मांडून सायत्राबाई बसल्या होत्या. शर्ट दुसरा होता. केस पूर्ण पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. मी समोर बसले तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"अजून बी हळूच बोलता," त्या म्हणाल्या.

मी चौकशी केली. रीनाचं लग्न झालं, तिला मुलगा झाला. परी शाळेत जाते, सणाला एकदा भेटवून नेतात. गोळी? "कधी घेतो, कधी नाही." फडे स्वतःच बांधतात, डोळ्याने नीट दिसत नाही, पण हाताला कळतं. मी एक फडा उचलला तर म्हणाल्या, "तो नका घेऊ, सुटते." दुसरा काढून दिला.

मी उठणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"सिस्टर, त्या रोजी तुमी बाहेर होत्या. मुनेश्वर गेला तवा. हवा कोनीकडून होती, याद हाये का?"

मला प्रश्न कळला. वारा डोंगराकडून गावाकडे येत असेल, तर वरच्या ठिणग्या उडून मागे पडल्या असतील, आणि मग आग कोणाच्याच मोहाखालची नाही. गावाकडून डोंगराकडे जात असेल, तर पट्ट्यातलीच. त्या भेटेल त्याला हे विचारत असणार हेही त्यांच्या स्वरावरून कळलं. त्यात घाई नव्हती, आशाही फारशी नव्हती.

मी आठवायचा प्रयत्न केला. मुनेश्वरचा वर केलेला हात दिसला, मोटारसायकलचा आवाज आठवला, पोरं. धूर सगळीकडेच होता. डोंगराकडून होती, असं म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती आणि त्या चांगल्या डोळ्याने माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आठवत नाही, सायत्राबाई," मी म्हटलं.

"हव," त्या म्हणाल्या आणि हात सोडला. "बाकीचे मले बरं वाटावं मनून सांगतेत. कोनी इकडून मनते, कोनी तिकडून."

एक गिऱ्हाईक आलं, जोडीने फडे मागायला लागलं. मी पिशवी उचलून निघाले. रस्त्याच्या कडेला पोचले तेव्हा तलावाकडून वाऱ्याचा एक झोत आला. बाजारातल्या ताडपत्र्या फडफडल्या, कागद उडाले, लोक आपापला माल दाबून धरायला धावले. मी वळून बघितलं. गिऱ्हाईक काहीतरी बोलत होतं, पण सायत्राबाईंचं लक्ष नव्हतं. फडा हातात तसाच धरून, मान वर करून त्या ताडपत्रीची कड कोणत्या बाजूला उडते आहे ते बघत होत्या.